न घेतलेल्या कामांची फाईल

उद्यमबागेत, लेथच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली यंत्र फिरलं की
टेबलावरचा चहा कपात गोल गोल थरथरतो.
इराप्पा म्हणतो, फुकटचं व्हायब्रेशन टेस्टिंग.

गुरुवारी होनगेकर आले, काखेत नकाशाची गुंडाळी.
मंगल कार्यालय, येळ्ळूर रोडला.
तळघरात पार्किंग, वर आठशे पानांची पंगत.
“पाया झालाय की ओ मॅडम,
पैला इंजिनिअर सोडून गेला.
तुम्ही फक्त वरच्यावर सही करून द्या.”

फक्त.
या शब्दाचं वजन कुठल्याच कोडमध्ये दिलेलं नाही.

ते गेल्यावर तक्ता काढला:
धोका, शक्यता, परिणाम; आकडे एक ते पाच.
माती काळी, परवापर्यंत भाताची,
मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जाईल अशी.
भराव फौंड्रीच्या जळक्या वाळूचा,
रात्रीत किती ट्रक ओतले ते ओतणाऱ्यालाही आठवत नसणार.
बळ्ळारी नाला हाकेच्या अंतरावर,
आणि तो हाक न मारताच येतो.
गुणाकार केले, बेरीज केली: चौतीस.
चाळीसच्या आत असेल तर काम घ्यायचं.
आधी मर्यादा तीसची होती;
पगार थकले त्या संध्याकाळी आम्हीच वाढवली.

इराप्पानं चष्मा कपाळावर चढवला.
बत्तीस वर्षं पीडब्ल्यूडीत गेलेला माणूस;
तक्त्याखाली पेन्सिलीनं एक ओळ जोडली, कानडीत,
मग माझ्याकडं बघून मराठीत वाचली:
मालकाला प्रश्न विचारला तर राग येतो का?

मी फोन लावला. पायाचे बोअर कुठं कुठं घेतले होते?
पलीकडं कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न,
मग, “तुम्हाला काम पायजे का नको, तेवढं सांगा की.”
इराप्पानं रकान्यात पाच लिहिले,
शेजारी आणखी पाच.
चौतीसाचे एकोणसाठ झाले.

पहिल्या इंजिनिअरचा नंबर रेश्मानं शोधला.
गोकाकचा पोरगा, आता हुबळीत नोकरीला.
फार बोलला नाही.
“नीर ऐतरी मॅडम.”
पाणी आहे. मला तेवढं कानडी येतं.

रात्री फीचा आकडा उशाशी:
चार लाख ऐंशी हजार.
त्यात टोटल स्टेशनचे हप्ते, रेश्माचे सहा पगार,
खालच्या अनगोळकरांचं थकलेलं भाडं.
समोर आठशे माणसं जेवायला बसलेली,
कुणीतरी वरणाची बादली घेऊन फिरतंय.
हे दोन आकडे शेजारी मांडायला
तक्त्यात जागाच नव्हती.

शुक्रवारी पत्र गेलं.
तीन बोअर, तुमच्या खर्चानं, आम्ही दाखवू तिथं.
पायाची कोअर टेस्ट.
आम्ही थांबा म्हटलं तर थांबायचं, हे लेखी.
उत्तर आलं नाही.

पुढच्या वैशाखात अनगोळकरांच्या मुलीची पत्रिका आली.
स्थळ तेच.
कार्यालय उभं होतं. कुठं केसाएवढी चीर नाही,
खांबांना गुलाबी साटीन.
सही कुणाची, मी विचारलं नाही.
भात वासाचा होता. इथलाच, वाढपी म्हणाला.
मी दोनदा घेतला.

गाडी काढायला तळघरात उतरलो.
भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीवर ओली रेघ,
तिच्यावर नव्या रंगाचा हात.
इराप्पा म्हणाला, “पडलं नाही बघा.”
नाही, मी म्हटलं.
कोपऱ्यात पंप चालू होता.
वर दुसरी पंगत बसत होती, खुर्च्या ओढल्याचा आवाज.

मॅनेजरला विचारलं, पंप रोज किती तास लावता?
तो हसला. “बंद कवा करतो ते विचारा की.”

सोमवारी हे तेवढंच कागदावर घेतलं, तारीख घातली,
फाईलला लावायला रेश्माकडं दिलं.
तिनं वाचलं, मागं उलटून पाहिलं.
“मॅडम, हे पाठवायचं कुणाला?”